मला फिनिश शिकायचंय, असं सांगितल्यावर

पहिल्यांदा हे वाक्य मी ऑफिसमधल्या कॉफीच्या टेबलावर बोलले. आदल्या रात्री स्वयंपाकघरात दहा-बारा वेळा म्हणून पाहिलं होतं. "हालुआन ओप्पिआ सुओमेआ." मला फिनिश शिकायचंय. टेबलाभोवती पाच जण होते, पाचही फिनिश. मी बोलले आणि सगळे गप्प झाले. एकाने कप खाली ठेवला, एकीने खिडकीबाहेर पाहिलं. मग समोरच्याने विचारलं, "मिक्सि?"

मिक्सि म्हणजे का.

त्याच्या आवाजात खोच नव्हती, हे आज मला ठाम सांगता येतं. त्या दिवशी मात्र तो एवढासा शब्द मनाला फार लागला. मी तीन वर्षं ज्यांच्याबरोबर जेवत होते, त्यांना त्यांचीच भाषा शिकायचंय असं सांगत होते. "अरे वा" एवढं तरी ऐकायला मिळेल असं मला वाटलं होतं.

मी मूळची सांगलीची. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करून 2015 च्या जानेवारीत एस्पोला आले. एस्पो हे हेल्सिंकीला लागून असलेलं शहर. नोकियाचं मुख्यालय इथलंच, आणि या भागात भारतीयांची वस्तीही बरीच आहे. ऑफिसचं काम इंग्रजीत, बँक इंग्रजीत, दवाखाना इंग्रजीत. गणपतीत आम्ही चार मराठी घरं जमतो तेव्हा मराठी. फिनिशवाचून कुठेच अडलं नाही, आणि अडलं नाही म्हणून तीन वर्षं कशी गेली ते कळलंही नाही.

2017 च्या शरदात एका सकाळी नळाला पाणी आलं नाही. शेजारी विचारायला जिन्यात आले तर दारालगतच्या फलकावर कागद लावलेला होता. तो आठवडाभर तिथेच होता, आणि रोज येता-जाता मी त्याच्यासमोरूनच गेले होते. मोठ्या अक्षरात एक शब्द होता, वेसिकात्को. वेसि म्हणजे पाणी, कात्को म्हणजे खंड. बाकी सगळ्या बिऱ्हाडांनी आदल्या रात्री बादल्या भरून ठेवल्या होत्या. मी बाटलीबंद पाण्याने दात घासले आणि ऑफिसला गेले. पण तो कागद दिवसभर डोक्यातून गेला नाही. त्या फलकावर तीन वर्षांत किती कागद लागले असतील आणि त्यातला एकही माझ्यासाठी नव्हता, कारण तो माझ्यासाठी आहे हेच मला वाचता येत नव्हतं. त्या वर्षी फिनलंडच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं होत होती. 6 डिसेंबरच्या संध्याकाळी रिवाजाप्रमाणे समोरच्या इमारतीत खिडकी-खिडकीत दोन-दोन मेणबत्त्या लागल्या. मीही लावल्या, आणि त्याच रात्री शहराच्या प्रौढ शिक्षण संस्थेच्या वर्गात नाव घातलं.

मग मी भेटेल त्याला सांगत सुटले. माझा समज असा की जितक्या लोकांना सांगू तितके लोक माझ्याशी फिनिश बोलतील. घडलं ते वेगळंच. जवळपास प्रत्येकाने आधी "मिक्सि" विचारलं. "इथे राहते म्हणून," असं मी म्हटलं की उत्तर येई, "पण इथे सगळ्यांना इंग्रजी येतं." कोणी समजावे की ही भाषा बोलणारे जगात जेमतेम पन्नास-पंचावन्न लाख, एवढ्या कष्टांचं चीज कसं होणार? कोणी पंधरा विभक्त्यांचा आकडा सांगे. तो सांगताना मात्र त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान दिसायचा, आपल्याकडे कोणी घाट चढून गडावर गेल्याचं सांगतो ना, तसा. आणि एक शब्द तर मला निदान सहा जणांनी कागदावर लिहून दाखवला, युओक्सेन्तेलिसिन्कोहान. पळणे या धातूला एकेक प्रत्यय लावत नेऊन त्या एका शब्दाचा अर्थ होतो, "मी जरा इकडे-तिकडे बागडून यावं का, बरं?" शब्द लिहून झाला की ते माझ्याकडे पाहत. मी घाबरते का ते बघत असावेत.

मी घाबरले नाही, कारण वर्गात दुसरीच गोष्ट घडत होती.

आमच्या वर्गात व्हिएतनामी, रशियन, सोमाली, स्पॅनिश असे सगळे होते. विभक्ती म्हणजे काय हे समजायला काहींना दोन आठवडे लागले. मी शाळेत प्रथमा ते संबोधन आठ विभक्त्या घोकलेल्या. तालो म्हणजे घर, तालोस्सा म्हणजे घरात, तालोस्ता म्हणजे घरातून. शब्दाच्या शेपटीला प्रत्यय लावायचा, यात मला नवं काय वाटणार? प्रत्यय लागताना मूळ शब्द बदलतो, तेव्हा वर्गात सुस्कारे पडले. हेल्सिंकी हे नाव, पण "हेल्सिंकीत" म्हणायचं तर हेल्सिंगिस्सॅ. कचा ग का होतो म्हणून एक जण चिडलाच. मी वहीत शेजारी लिहिलं, पुणे, पुण्यात. "पुणेत" कोणी म्हणत नाही. आपल्या सामान्यरूपाचा मी जन्मात कधी विचार केला नव्हता, तो एस्पोच्या त्या वर्गात बसून केला.

असं पुढेही होत राहिलं. प्रश्न विचारायला क्रियापदाला "को" जोडतात. तुलेत्को? येतेस का? त्या को-च्या जागी आपला "का" आपोआप ऐकू यायचा. भूक लागली असं सांगायचं तर "मिनुल्ला ओन नॅल्कॅ", शब्दशः माझ्यापाशी भूक आहे. इंग्रजीसारखं "मी भुकेला आहे" नाही. आणि नकार! फिनिशमध्ये "नाही" हा शब्दच माणसागणिक चालतो. एन तुले, एत तुले, एइवॅत तुले. शिक्षिकेने हे अगदी जपून सांगितलं, हे फार विचित्र वाटेल म्हणून. मी मनात म्हणत होते, मी येत नाही, तू येत नाहीस, ते येत नाहीत. आपलाही नकार चालतोच की.

उच्चारांचं सांगायचं तर अर्धं काम मराठीने आधीच केलेलं होतं. बॅटमधला ॲ त्यांच्याकडे जागोजागी आहे आणि तो मला आयता मिळाला. एकेरी आणि दुहेरी व्यंजनातला फरक इतरांच्या कानाला कळायचा नाही. तुलि म्हणजे आग, तुल्लि म्हणजे जकात, आणि स्वर लांबवून तूलि म्हटलं तर वारा. ज्याच्या भाषेत मका वेगळा आणि मक्का वेगळी, त्याला हे ऐकू येतं. अडले ते दोन स्वरांवर. एकात ओठ "उ"चे आणि जीभ "इ"ची ठेवायची, दुसऱ्यात ओठ "ओ"चे आणि जीभ "ए"ची. ते देवनागरीत नीट लिहिताच येत नाहीत. या लेखात मी जवळचं अक्षर वापरलंय, एवढंच.

म्हणजे भाषा मला येत होती. पानावर येत होती. वर्गात मी शिकले "मिनॅ ओलेन", म्हणजे मी आहे. कॉफीच्या टेबलावर ते "मॅ ओन" म्हणत. पुस्तकातली भाषा म्हणजे किर्याकिएलि आणि तोंडची भाषा म्हणजे पुहेकिएलि, आणि दोहोंत अंतर पुष्कळ. पुस्तकात तो आणि ती दोघांनाही एकच सर्वनाम, हॅन. बोलताना ते हॅनसुद्धा जाऊन सगळ्यांना "से", म्हणजे "ते". हे पुस्तकातून शिकता येत नाही. ते बोलणाऱ्या माणसांकडूनच यायला हवं, आणि माणसं माझ्याशी बोलत होती इंग्रजीत.

हा सगळ्यात अवघड भाग होता. किराणा दुकानात मी फिनिशमध्ये सुरुवात करायची. माझा एखादा स्वर चुकायचा किंवा मी शब्दासाठी क्षणभर थांबायचे, की गल्ल्यावरची मुलगी हसून इंग्रजीवर यायची. ऑफिसातही तेच. मी फिनिशमध्ये विचारावं, त्यांनी इंग्रजीत उत्तर द्यावं. फार सौजन्याने, फार चांगल्या इंग्रजीत. घरी येताना गाडीत रडू यायचं. दार लावून घेणाऱ्याशी भांडता येतं, पण हसून दुसरंच दार उघडून देणाऱ्याशी काय भांडणार?

अशाच एका संध्याकाळी पुण्याच्या ऑफिसातला एक मुलगा आठवला. मणिपूरहून आलेला. जेवताना तो एकदा म्हणाला होता, "मला मराठी शिकायचा आहे." आम्ही आठ मराठी माणसं होतो. आम्ही काय केलं? "अरे, क्यों तकलीफ ले रहा है, यहाँ सब को हिंदी आती है," असं म्हणालो. प्रेमानेच म्हणालो. पुढे तो रोज एखादं वाक्य म्हणायचा, "आज पाऊस येणार काय," आणि आम्ही रोज हिंदीत उत्तर द्यायचो. त्याची सोय बघतोय असंच आम्हाला वाटत होतं. काही महिन्यांनी त्याने ते सोडून दिलं आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. मला ते लक्षात यायला दहा वर्षं आणि दुसरा देश लागला. तेव्हापासून इथल्या लोकांवरचा माझा राग गेला. आपली भाषा शिकायला कोणी आपणहून येईल याची सवयच नसलेल्या लोकांत मी वाढले होते, आणि आता तसल्याच लोकांत राहत होते.

एस्पोतल्याच लेप्पॅवाराला सेल्लो नावाचा मॉल आहे आणि मॉलमध्येच मोठं सार्वजनिक ग्रंथालय. तिथे किएलिकाह्विला भरायचा, म्हणजे भाषेचा कॉफीकट्टा. फुकट, नाव नोंदवायची गरज नाही. तिथली स्वयंसेविका निवृत्त शिक्षिका होती. तिला मी माझं गाऱ्हाणं सांगितलं, तुटक्या फिनिशमध्ये, आणि तिने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शिकायचंय असं सांगूच नकोस. त्याने माणूस दडपतो. त्याला वाटतं, आता मला शिकवावं लागणार, आणि आपलंच व्याकरण आपल्याला सांगता येत नाही. तू विचार, पंधरा मिनिटं फिनिश बोलूया का? वेळ सांग. किती वेळ ते कळलं की आम्हाला बरं वाटतं."

बोलूया, पुहुतान. पुहुतान सुओमेआ. यात मी विद्यार्थी नव्हते आणि तो मास्तर नव्हता. "हालुआन ओप्पिआ" म्हणताना मी नकळत समोरच्याच्या अंगावर केवढं ओझं टाकत होते, ते मला तिच्यामुळे कळलं. त्याच कट्ट्यावर तिने स्वरांची लांबी पुन्हा एकदा बजावली. "तापान सिनुत" म्हणजे तुला भेटते, पण त्यातला दुसरा "आ" लांब हवा. तो आखूड झाला तर अर्थ होतो तुला ठार मारते. देवनागरीत दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून मी वहीत त्या "पा"ला दोन काने दिले.

दुसऱ्या दिवशी मी त्याच सहकाऱ्याकडे गेले, "मिक्सि" विचारणाऱ्या. म्हटलं, मंगळवारी जेवणानंतर पंधरा मिनिटं, फक्त फिनिश, जमेल? त्याने विचार केला. घड्याळाकडे पाहिलं. "योओ," म्हणाला, श्वास आत ओढत. हे फिनिश लोकांचं खास. "हो" म्हणताना श्वास आत घेतात. नवीन माणसाला वाटतं, याला कुठे दुखलंखुपलं की काय.

पहिल्या मंगळवारी आम्ही हवेवर बोललो, तीन मिनिटं. मग तो गप्प. मी भरभरून प्रश्न विचारायला लागले, कारण आपल्याकडे समोरचा गप्प बसला की काहीतरी बिनसलंय असा अर्थ. चौथ्या-पाचव्या मंगळवारी मी गप्प राहून पाहिलं. त्याने कॉफी ढवळली, आणि मिनिटभराने आपण होऊन सांगायला लागला. त्याची तळ्याकाठी उन्हाळी कॉटेज होती, वडिलांनी बांधलेली. तिथली होडी, होडीचं मागे लावायचं जुनं इंजिन, जे दर वसंतात सुरू व्हायला नकार द्यायचं. तो जलद बोलत होता आणि मला तिसरा हिस्सा कळला असेल. पण मंगळवारी मला त्याच्या इंजिनाची काळजी वाटायला लागली. होडीचे भाग, दोरी, पेट्रोल, गंज हे सगळे शब्द मला भाजीपाल्याच्या नावांआधी आले.

एक अडचण मात्र मनात राहिली. इथे साहेबालासुद्धा एकेरी. सिनॅ, म्हणजे तू. साहेबाला "सिनॅ" म्हणताना प्रत्येक वेळी माझी जीभ अर्धा क्षण अडखळायची, आणि त्या अर्ध्या क्षणात समोरचा इंग्रजीत जायचा. आदरार्थी "ते", म्हणजे तुम्ही, आहे, पण आता तो शब्द दुकानातल्या वयस्कर गिऱ्हाईकाला वगैरे वापरतात. एका सहकारिणीला मी "ते" म्हटलं तर ती म्हणाली, "मी काय एवढी म्हातारी आहे?"

आता तिसऱ्या मजल्यावरच्या आजींबद्दल. मी त्यांना मनात आजी म्हणायचे, तोंडाने कधीच नाही.

मे 2018 मध्ये आमच्या सोसायटीत ताल्कोत होते. हा शब्द मला पहिल्याच वाचनात आवडला. ताल्कोत म्हणजे सगळ्यांनी मिळून, मजुरी न घेता करायचं काम, आणि काम झाल्यावर यजमानाकडून खाणं. आपल्याकडे खेड्यात इर्जिक असायची, एकाच्या शेतावर सगळ्या गावाचे बैल जमायचे आणि संध्याकाळी जेवण. माझे आजोबा तिच्या गोष्टी सांगायचे. ताल्कोतचा कागद जिन्यातल्या त्याच फलकावर लागला होता, आणि तो मी एकटीने, शब्दकोशाविना वाचला. शनिवार, अकरा वाजता, पानं गोळा करणे, शेवटी सॉसेज आणि कॉफी.

मी दाताळं घेऊन पानं ओढत होते. शेजारी ऐंशीच्या बाई. मी म्हटलं, "पुहुतान सुओमेआ, योस सोपि," चालत असेल तर फिनिश बोलूया. मी तयारीत होते "मिक्सि"च्या. त्या म्हणाल्या, "मग दुसरं काय बोलणार? मला इंग्रजी येत नाही."

इतके महिने मी अशा माणसाला शोधत होते आणि ते माणूस माझ्या वरच्या मजल्यावर राहत होतं.

त्यांचं बोलणं मला आधी अजिबात कळेना. मी म्हणजे मिनॅ, ऑफिसात मॅ. या म्हणत "मिए". तू म्हणजे सिनॅ, बोलताना सॅ. या म्हणत "सिए". मला वाटलं मीच चुकीचं ऐकतेय. कॉफीच्या वेळी विचारलं, तर त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी कार्यालाची." कार्याला म्हणजे फिनलंडचा पूर्वेकडचा मुलूख, ज्याचा मोठा भाग सोव्हिएत रशियाशी झालेल्या युद्धात गेला, आधी 1940 मध्ये आणि मग कायमचा 1944 मध्ये. चार लाखांहून जास्त लोक घरंदारं सोडून पश्चिमेकडे आले. आजी तेव्हा सहा वर्षांच्या. गाय दोरीने धरून आई पुढे आणि ही पोर मागे, एवढं त्यांना आठवत होतं. नव्या गावातल्या शाळेत पहिल्या दिवशी त्या "मिए" म्हणाल्या आणि वर्ग हसला. बाईंनी सांगितलं, मिनॅ म्हण. "मग मी वर्षभर शाळेत बोललेच नाही," असं त्यांनी सांगितलं. माझं वाक्य संपायची वाट पाहायला त्यांना का जमतं, ते मला तिथे कॉफीच्या टेबलाशी समजलं.

मी त्यांना विचारलं, तुम्हाला "ते" म्हणू का. त्या म्हणाल्या, "सिए म्हण." मी आजतागायत कार्यालाबाहेर जन्मलेल्या कोणालाही सिए म्हटलेलं नाही.

त्या उन्हाळ्यापासून गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जायचे. त्या राईच्या पिठाची पातळ पारी लाटून तीत दुधात शिजवलेला मऊ भात भरायच्या, कडा चिमटीने मुरडायच्या आणि भट्टीतून काढल्यावर वर अंडं कुस्करलेलं लोणी. कार्यालाची पीराक्का. कडेची मुरड पाहून मी म्हटलं, आमच्याकडे करंजीला अशीच घालतात, आणि करून दाखवली. त्यांनी नीट पाहिलं आणि पुढच्या सगळ्या मुरडी मला दिल्या. हात कामात असला की भाषा सुटते, हे मला तिथे कळलं. मुरड घालताना चुकलेल्या विभक्तीकडे माझं लक्ष जात नसे, त्यांचंही नसे. अगदीच अर्थ बदलला तर त्या बरोबर वाक्य सहज एकदा म्हणत आणि पुढे जात. त्यांच्या गोड पावातला वेलदोड्याचा वास मला पहिल्यांदा आला तेव्हा मी क्षणभर दिवाळीत होते. वेलदोडा इथे घरोघर पावात पडतो, पण हे मला सांगलीहून आलेल्या कोणी सांगितलं नव्हतं.

सोसायटीच्या सौनातही त्याच मला घेऊन गेल्या, बायकांच्या वेळेला. मला संकोच फार होता, तो सांगून संपणार नाही इतका. पण त्या अंधाऱ्या गरम खोलीत तापलेल्या दगडांवर पाणी पडतं, वाफेची लाट येते, तिला लॉय्लु म्हणतात. फार जुना शब्द आहे. हंगेरियन ही फिनिशची लांबची बहीण, आणि तिच्यात याच मुळातून आलेल्या शब्दाचा अर्थ आत्मा असा आहे. तिथे पाच बायका शेजारी-शेजारी बसून अर्धवट वाक्यं बोलत. त्या वाफेत माझ्यासाठी इंग्रजीत वळायचं कोणाला सुचलंच नाही.

9 एप्रिल 2019 ला सकाळी आमच्या अंगणातल्या खांबावर निशाण चढलेलं दिसलं. आजींना विचारलं. हा फिनिश भाषेचा दिवस, मिकाएल आग्रिकोलाचा. त्याने 1543 च्या सुमारास फिनिशमधलं पहिलं छापील पुस्तक काढलं, मुलांना अक्षरओळख करून देणारं. त्यानंतरही तीनशे वर्षं सरकार स्वीडिशमध्येच चालत राहिलं. 1863 मध्ये रशियन झारने हुकूम काढला की वीस वर्षांत फिनिशला कचेरीत स्वीडिशच्या बरोबरीचं स्थान द्यायचं. आणि ज्या शिकलेल्या लोकांनी फिनिशसाठी हा लढा दिला त्यांच्यातल्या अनेकांच्या घरात स्वीडिश बोलली जायची. सिबेलिउस हा त्यांचा सर्वांत मोठा संगीतकार, स्वीडिशभाषक घरातला, त्याला हॅमेन्लिन्नाच्या फिनिश शाळेत घातलं होतं. हे मी घरी येऊन वाचलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. या भाषेला शिकणारे नवे नव्हते. शिकणाऱ्यांनीच तिला कचेरीत आणि शाळेत आणलं होतं. आणि तरी तिचे आजचे लोक मला विचारत होते, का?

त्या शरदात मी किएलितुत्किन्तो दिली, म्हणजे सरकारमान्य भाषापरीक्षा. वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. बोलण्याची परीक्षा कानाला हेडफोन लावून, समोर माणूस नसताना, ध्वनिमुद्रित प्रश्नांना उत्तरं देत. शेजारच्या खुर्च्यांवर वीस जण एकाच वेळी बोलत होते. नागरिकत्वासाठी तिसरी पातळी लागते, मला ती मिळाली, ऐकण्यात चौथी. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. कागद फाइलमध्ये आहे.

सांगायचं आहे ते त्याच हिवाळ्यातल्या एका मंगळवारचं. मला बैठकीत उशीर झाला होता. कॉफीच्या टेबलाशी पाच-सहा जण आधीच बसलेले, फिनिशमध्ये बोलणं चाललेलं. इतकी वर्षं मी खुर्ची ओढली की ते बोलणं तुटायचं, एखादा सेकंद शांतता आणि मग इंग्रजी. मी खुर्ची ओढली. कॉफी ओतून घेतली. बोलणं तसंच चालू राहिलं, त्याच वेगात, त्याच "मॅ"-"सॅ"मध्ये. कोणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. मला निम्मं निसटत होतं, पण विषय कळला. होडीचं ते इंजिन. त्याने नवीन घ्यावं की जुनंच दुरुस्त करावं, यावर टेबल विभागलं गेलं होतं.

मी म्हटलं, "जुनं वडिलांचं आहे ना?"

फिनिशमध्येच म्हटलं. तो म्हणाला, "योओ," श्वास आत ओढून. मग थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही, आणि ती शांतताही आता माझ्या ओळखीची होती. कोणीतरी "नो नीन" म्हणालं, म्हणजे चला, झालं. सगळे कप उचलून उठले. मीही उठले.